शिबिरे पुष्कळ, नोंदवही कोठे?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक दृष्टिदिन पाळला जातो आणि १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन. या दोन दिवसांच्या दरम्यान महाराष्ट्रात ठिकठिकाणी नेत्रतपासणीची आणि रक्तातील साखर तपासण्याची शिबिरे भरतात. मंडप उभारला जातो, प्रमुख पाहुण्यांचे भाषण होते, रांगा लागतात आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात आकडा प्रसिद्ध होतो : इतक्या रुग्णांनी लाभ घेतला. शिबिर भरविणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हे अशा मंडपातच प्रथम कळते. तथापि, मधुमेहामुळे होणाऱ्या नेत्रविकाराचा विचार करू लागले की या आकड्याचे तोकडेपण ध्यानात येते. शिबिरात किती जण आले हे त्यावरून समजते. ज्यांनी यायला हवे होते त्यांपैकी किती जण आले नाहीत, हे मात्र समजत नाही. आणि या विकारात दृष्टी जाते ती प्रायः न आलेल्यांचीच.

रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. मधुमेही माणसाच्या डोळ्यांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच सांगून ठेवले आहे. ती तपासणी स्वस्त करणारी साधनेही आता उपलब्ध झाली आहेत. उरला आहे तो व्यवस्थेचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर औषधशास्त्रापेक्षा कारभाराच्या पद्धतीत अधिक आहे.

चोरपावलांनी येणारा विकार

डोळ्याच्या आतल्या बाजूस, पाठीमागे, प्रकाशाची संवेदना ग्रहण करणारे दृष्टिपटल असते. बोलीभाषेत त्यालाच पडदा म्हणतात. या पडद्याला रक्त पुरविणाऱ्या केशवाहिन्या अतिशय नाजूक असतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की त्यांच्या भिंती दुबळ्या होतात, त्यांना सूक्ष्म फुगे येतात, त्यांतून रक्त आणि द्रव पाझरू लागतो. पडद्याच्या मध्यबिंदूपाशी सूज आली तर वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे अवघड होते. काही रुग्णांत पडद्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भरून काढण्यासाठी नव्या, परंतु कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त साचते, कधी पडदाच ओढला जाऊन सुटतो, आणि काल दिसत असलेला माणूस आज अंधारात जातो.

या क्रमातील भयावह गोष्ट अशी की, शेवटची पायरी येईपर्यंत रुग्णाला काहीच जाणवत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, चष्म्याचा नंबरही पुष्कळदा बदलत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९८०च्या दशकात झालेल्या प्रसिद्ध पाहणीत असे आढळले की, लहान वयात मधुमेह जडलेल्यांपैकी जवळजवळ सर्वांच्या पडद्यावर वीस वर्षांत कमीअधिक खुणा उमटतात. प्रौढ वयात मधुमेह झालेल्यांतही हे प्रमाण निम्म्याहून अधिक असते. म्हणजे ‘मला स्पष्ट दिसते’ हे रुग्णाचे उत्तर प्रामाणिक असूनही निरुपयोगी ठरते. डोळ्यांत डोकावून पाहिल्याशिवाय काही कळत नाही.

मधुमेह हा आजार आपल्याकडे नवा नाही. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना तो होता, आणि मंडालेच्या तुरुंगात पथ्यावरच त्याला आवर घालणे त्यांना भाग पडले. त्यांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले. इन्सुलिनचा शोध लागला १९२१ साली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत मधुमेही माणूस दीर्घायुषी झाला, ही वैद्यकशास्त्राची मोठीच कामगिरी होय. पण या लाभलेल्या आयुष्यातच मूत्रपिंड, पाय आणि डोळे यांच्यावरील दुष्परिणामांना दिसू लागण्याइतका अवधी मिळाला. वाढलेले आयुष्य डोळसपणे जगता यावे, एवढीच आता मागणी आहे.

मोतीबिंदूची वाट वेगळी

१९७६ हे वर्ष या संदर्भात दोन कारणांसाठी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी भारत सरकारने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने असे दाखवून दिले की, पडद्यावर योग्य वेळी प्रकाशकिरणांनी उपचार केले तर गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक कमी होतो. पुढे याच उपचाराला लेसर म्हणून लोक ओळखू लागले. एकाच वर्षी आरंभ झालेल्या या दोन गोष्टींची गाठ पडायला मात्र फार काळ जावा लागला.

याचे कारण समजण्यासारखे आहे. देशातील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच होते आणि २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीतही पन्नाशी ओलांडलेल्यांतील सुमारे दोन तृतीयांश अंधत्व त्याच्याच खाती जमा होते. सरकारने त्यावर लक्ष केंद्रित केले हे योग्यच झाले. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साह्याने सात राज्यांत मोतीबिंदू निवारणाची मोहीम राबविण्यात आली. महाराष्ट्र त्या सातांपैकी एक होता. शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट ठरले, ते जिल्ह्याजिल्ह्यांत वाटले गेले आणि ते गाठल्याचा हिशेब दरवर्षी मांडला जाऊ लागला. या मोहिमेने लक्षावधी वृद्धांना दृष्टी परत दिली.

तथापि, या यशातून एक सवय जडली. मोतीबिंदूचा रुग्ण दिसेनासे झाल्यावर येतो, त्याच्यावर शस्त्रक्रिया होते आणि त्याला पुन्हा दिसू लागते. उशीर झाला तरी बहुधा हानी भरून निघते. सारी नेत्रसेवा ‘दिसत नाही म्हणून आलेल्या’ माणसाभोवती उभी राहिली. मधुमेही नेत्रविकारात गणित नेमके उलटे आहे. दिसत नाही म्हणून रुग्ण आला तर पुष्कळदा डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरलेले नसते. लेसरने वा डोळ्यात देण्याच्या इंजेक्शनांनी असलेली दृष्टी टिकविता येते, कधी थोडी सुधारते, पण पूर्णतः गेलेली सहसा परत येत नाही. म्हणून येथे व्यवस्थेनेच ज्याला चांगले दिसते त्याच्याकडे जायला हवे. झालेल्या शस्त्रक्रिया मोजता येतात. टळलेले अंधत्व मोजणे अवघड, आणि जे मोजले जात नाही त्याला सरकारी कार्यालयात वजन येत नाही. अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात काचबिंदू व मधुमेही नेत्रविकार यांनाही राष्ट्रीय कार्यक्रमात स्थान मिळाले खरे. परंतु जुन्या सवयी कागदावरील दुरुस्तीने जात नाहीत.

आकडे काय सांगतात?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्या उंबरठ्यावर उभे आहेत. सर्वाधिक प्रमाण आढळले ते रत्नागिरीपासून फार दूर नसलेल्या गोव्यात : प्रौढांमध्ये २६.४ टक्के. याच अभ्यासमालेच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील प्रमाण ८.४ टक्के होते. मधुमेह हा शहरी सुखवस्तूंचा आजार आहे, ही समजूत आता कोणी बाळगू नये.

कोकणी माणूस अंगाने सडपातळ, चालणारा, मासेभात खाणारा. त्याला हा आजार कसा जडेल, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या दीर्घ संशोधनाने त्याला उत्तर दिले आहे. भारतीय बालक जन्मतः वजनाने कमी असले तरी त्याच्या शरीरातील चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, आणि गर्भावस्थेतील कुपोषण पुढील आयुष्यातील मधुमेहाची बीजे पेरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने कोकणातील किशोरवयीन मुलींच्या पोषणाचा आणि पुढील आयुष्यातील अशा आजारांचा संबंध तपासणारा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे, तो याच विचारसूत्राला धरून.

मधुमेह्यांपैकी किती जणांचे डोळे धोक्यात असतात? दहा राज्ये आणि एक केंद्रशासित प्रदेश यांत, चाळिशी ओलांडलेल्या ४२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे उत्तर असे : मधुमेह्यांपैकी १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर विकाराच्या खुणा होत्या आणि ४ टक्के लोकांची दृष्टी जाण्याचा धोका होता. याचा अर्थ, एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात चाळिशीपुढील एक हजार मधुमेही असतील, तर त्या प्रमाणात सव्वाशे जणांवर लक्ष ठेवावे लागेल आणि चाळीस जणांना विशेषज्ञाकडे तातडीने पाठवावे लागेल. हे चाळीस जण कोण, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसते. ते शोधून काढण्यासाठी हजारही जणांना दूरच्या शहरात धाडणे अशक्य आहे, आणि कोणालाच न पाहणे हा त्या चाळिसांवर अन्याय आहे. प्रश्नाचे मर्म या पेचात आहे.

वाडीपासून रुग्णालयापर्यंत

रत्नागिरी जिल्ह्यात या पेचाला भूगोलाची जोड मिळते. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार होती, आणि मागील दशकाच्या तुलनेत ती घटली होती. राज्याची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची घटावी, यामागे मुंबईची ओढ आहे. कर्ती माणसे चाकरमानी होऊन निघून जातात. गावी राहतात ती वृद्ध माणसे आणि स्त्रिया. दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया, हा या जिल्ह्याचा आकडा सामाजिक प्रगतीचे लक्षण म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. वस्तुतः त्यात पुरुषांच्या स्थलांतराची कहाणी दडलेली आहे. मधुमेहाच्या दृष्टीने अर्थ लावायचा तर ज्या वयात हा विकार डोळ्यांवर उतरतो त्या वयाची माणसे गावात आहेत, आणि त्यांना दवाखान्यात नेणारी माणसे गावात नाहीत.

येथे शेकडा ८० हून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती नव्हे. डोंगरउतारांवर, खाडीकाठी विखुरलेल्या वाड्यांचे मिळून एक गाव होते. पाखाडी उतरायची, साकव ओलांडायचा, एस. टी. च्या थांब्यावर यायचे, तालुक्याला जायचे आणि तेथून दुसरी गाडी धरायची. मंडणगडहून रत्नागिरी दीडशे किलोमीटरांहून दूर आहे. त्याही पलीकडे जायचे झाले तर आंबा घाट चढून कोल्हापूर, कुंभार्ली घाट चढून कराड, नाहीतर रात्रीच्या गाडीने मुंबई. पावसाळ्याचे चार महिने आणि त्यातला भातलावणीचा हंगाम यांत हा प्रवास जवळजवळ बाद होतो.

त्यातच या तपासणीची एक अडचण सहसा लक्षात घेतली जात नाही. पडदा नीट पाहता यावा म्हणून डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी करतात. त्यानंतर काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. शहरातील माणूस मुलाच्या गाडीवर बसून घरी जातो. एकट्या आलेल्या साठ-पासष्ट वर्षांच्या बाईने त्या अवस्थेत गाडीची पाटी कशी वाचावी आणि संध्याकाळी निसरड्या पाखाडीवरून घर कसे गाठावे? सोबतीला कोणी हवे, म्हणजे आणखी एकाची दिवसाची मजुरी बुडणार. जिला आज चांगले दिसते आहे ती बाई एवढा खटाटोप करणार नाही, आणि तिच्या या निर्णयाला अडाणीपणा म्हणता येणार नाही.

यंत्र काय करील, काय करणार नाही?

सुदैवाने गेल्या काही वर्षांत या अडचणीवर उपाय निघाले आहेत. औषध न घालताही पडद्याचे छायाचित्र टिपणारे कॅमेरे आता हातात मावण्याइतके लहान झाले आहेत. त्यासाठी डॉक्टरच हवा असे नाही. प्रशिक्षित परिचारिका किंवा आरोग्य कर्मचारी ते काम करू शकतात. छायाचित्र दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविता येते किंवा संगणकाची कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून त्याची जागच्या जागी प्राथमिक छाननी करता येते.

याचा एक उद्बोधक प्रयोग मुंबईतच झाला. ‘आदित्य ज्योत’ या नेत्रसेवा संस्थेच्या डॉ. एस. नटराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत येणाऱ्या मधुमेह्यांच्या पडद्यांची छायाचित्रे मोबाइल फोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने घेतली, आणि इंटरनेटविना चालणाऱ्या संगणकीय प्रणालीकडून त्यांची छाननी करविली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, विशेषज्ञाकडे पाठविण्याजोगा एकही रुग्ण त्या प्रणालीच्या नजरेतून सुटला नाही. उलट पाठविण्याची गरज नसलेल्या शंभरांमागे अकरा-बारा जणांना तिने पुढे पाठवा असे सांगितले. रुग्णांची संख्या दोनशेंच्या आसपासच होती, म्हणून त्यावरून फार मोठे अनुमान काढू नये. परंतु महापालिकेच्या साध्या दवाखान्यात हे काम होऊ शकते, हे सिद्ध झाले. केरळने त्याहून पुढचे पाऊल टाकले. ‘नयनामृतम्’ या प्रकल्पाद्वारे तेथील सरकारने तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील कुटुंब आरोग्य केंद्रांत कॅमेरे बसविले आणि टिपलेली छायाचित्रे वाचण्याचे काम राजधानीतील सरकारी नेत्रसंस्थेकडे सोपविले.

मात्र यंत्राविषयी अवास्तव आशा बाळगण्याचे कारण नाही. थायलंडमधील सरकारी दवाखान्यांत गूगल कंपनीने आपली प्रणाली वापरून पाहिली, तेव्हा एक पंचमांशाहून अधिक छायाचित्रे पुरेशी स्पष्ट नाहीत म्हणून यंत्राने नाकारली. खोलीत अंधार पुरेसा नव्हता, इंटरनेट मंद होते, आणि छायाचित्र नाकारले गेलेल्या रुग्णाला दूरच्या रुग्णालयाची वाट धरावी लागे. २०२० साली मांडलेला हा अनुभव कोकणाने नीट वाचावा असा आहे. येथील वृद्धांत मोतीबिंदूही असतोच, आणि ढगाळलेल्या भिंगातून पडद्याचे चित्र स्वच्छ येत नाही. ‘चित्र आले नाही’ याचा अर्थ ‘दोष नाही’ असा घेतला गेला, तर ज्याला विशेषज्ञाची अधिक गरज आहे तोच वगळला जाईल. चित्र न आलेल्या प्रत्येकाला नेत्रतज्ज्ञाने पाहिलेच पाहिजे, असा दंडक हवा.

चाळणीनंतर काय?

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली सामूहिक तपासणीची तत्त्वे मांडली. आज अर्धशतकानंतरही ती प्रमाण मानली जातात. रोग महत्त्वाचा असावा, त्याची सुप्तावस्था ओळखता यावी, तपासणी लोकांना मानवणारी असावी, या अटी मधुमेही नेत्रविकार चोख पूर्ण करतो. परंतु त्यांची आणखी दोन तत्त्वे होती : निदानाची आणि उपचाराची सोय उपलब्ध असली पाहिजे, आणि रुग्णशोध हे एकदाच उरकण्याचे काम नसून ते अखंड चालले पाहिजे. शिबिराची पद्धत या दोन ठिकाणी कमी पडते. मंडप उतरला की चिठ्ठी रुग्णाच्या खिशात राहते. त्या चिठ्ठीचे पुढे काय झाले, हे विचारण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर शिबिरापाशी नसते.

उपचार तरी एका भेटीत संपत नाहीत. लेसरच्या बैठका एकाहून अधिक लागू शकतात. मध्यबिंदूच्या सुजेसाठी डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने पहिल्या काही महिन्यांत तर दरमहा घ्यावी लागतात आणि ती महाग आहेत. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी धरली तर गरीब रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर येईनासा होतो. ज्याला धोका सांगितला पण उपचार दिला नाही, त्याच्यावर आपण केवळ भीतीचा बोजा टाकला असे होईल. म्हणून पहिला कॅमेरा विकत घेण्यापूर्वीच लेसर कोठे, कोणत्या वारी आणि कोणाच्या खर्चाने होणार, हे ठरलेले असले पाहिजे.

व्यवस्था असेल तर काय साधते, याचे उदाहरण इंग्लंडचे आहे. तेथे २००३ पासून राष्ट्रीय स्तरावर हा कार्यक्रम उभा राहिला. बारा वर्षांपुढील प्रत्येक मधुमेह्याचे नाव यादीत असते, त्याला तपासणीचे पत्र जाते आणि तो आला नाही तर पुन्हा पत्र जाते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असे आढळले की, इंग्लंड आणि वेल्समध्ये काम करण्याच्या वयातील माणसांच्या अंधत्वाचे पहिल्या क्रमांकाचे कारण म्हणून मधुमेही नेत्रविकाराचे स्थान किमान पाच दशकांत प्रथमच सुटले. इंग्लंडच्या संपत्तीची बरोबरी करणे रत्नागिरीला शक्य नाही. पण त्या यशाचा पाया जी यादी, ती करण्यास संपत्तीची नव्हे, नेटकेपणाची गरज आहे.

आक्षेप आणि उत्तरे

यावर काही रास्त आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, मुळात साखर आटोक्यात ठेवली तर डोळे आपोआप वाचतील, मग तपासणीचा एवढा आग्रह कशाला? साखर आणि रक्तदाब यांचे नियंत्रण हा खरा पाया आहे, हे १९९३ आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अनुक्रमे अमेरिकेतील आणि ब्रिटनमधील दोन मोठ्या अभ्यासांनी निर्विवाद सिद्ध केले. मात्र नियंत्रणाने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. आणि पूर्वी झालेली हानी कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहिल्यावाचून कळत नाही. शिवाय स्वतःच्या पडद्याचे चित्र पाहिलेला रुग्ण औषधाची गोळी अधिक गांभीर्याने घेईल, अशी आशा करण्यास जागा आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि माणसांचा. ज्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाला आणि बाळंतपणाला डॉक्टर जागेवर असेलच याची खात्री नाही, तेथे पडद्याचे छायाचित्र ही चैन नव्हे काय? हा आक्षेप टाळून जाण्यासारखा नाही. पण कामाचे खरे ओझे किती, हेही पाहिले पाहिजे. एक हजार मधुमेह्यांची वर्षातून एकदा तपासणी म्हणजे वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर आठवड्याला वीस माणसे. एका कर्मचाऱ्याचे ते एका दिवसाचे काम आहे. एकच कॅमेरा आठवड्यातील पाच दिवस पाच केंद्रांत फिरविता येईल. आणि याच्या दुसऱ्या पारड्यात एक माणूस कायमचा आंधळा झाल्याने त्याचे आणि त्याची काठी धरणाऱ्या घरातील दुसऱ्या माणसाचे होणारे नुकसान टाकले, तर ही चैन वाटणार नाही.

एका रकान्याची गरज

रत्नागिरीत या कामासाठी सारे काही नव्याने उभारावे लागेल असेही नाही. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील माणसांची साखर तपासण्याची आणि मधुमेह्यांची नोंद ठेवण्याची तरतूद आहे. आशा कार्यकर्ती घरोघर जाते. रत्नागिरीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि डेरवणला आधीपासून एक वैद्यकीय महाविद्यालय आहे. छायाचित्रे वाचण्याचे केंद्र या महाविद्यालयांत असू शकते. उद्याच्या डॉक्टरांना त्यातून शिक्षणही मिळेल.

कमतरता आहे ती या साऱ्यांना जोडणाऱ्या धाग्याची. मधुमेह्यांच्या नोंदीत ‘पडद्याची तपासणी केव्हा झाली’ हा रकाना ठळकपणे असावा, आणि तो वर्षभर रिकामा राहिला तर केंद्राच्या प्रमुखाला विचारणा व्हावी. पुढे पाठविलेल्या रुग्णाचे नाव तो उपचार घेऊन परत येईपर्यंत यादीतून कमी होऊ नये. मधुमेहाचे निदान होताच पहिली नेत्रतपासणी व्हावी. मधुमेही स्त्री गर्भवती झाली तर तिचे डोळे लगेच पाहिले जावेत. कॅमेऱ्याच्या फेऱ्या लावणीचा आणि आंब्याचा हंगाम टाळून आखाव्यात, आणि विशेषज्ञाच्या तारखा गणपती व शिमग्याच्या सुटीला लागून ठेवाव्यात. तेव्हा आईला घेऊन जाणारा मुलगा गावी आलेला असतो. जिल्ह्याच्या वार्षिक अहवालात किती शिबिरे झाली याच्या शेजारी आणखी एक आकडा छापला जावा : नोंदलेल्या मधुमेह्यांपैकी किती जणांचे डोळे या वर्षी पाहिले गेले नाहीत.

शाळेतील शिक्षकाला आणि कचेरीतील कारकुनाला या मागणीचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागू नये. वर्गात कोण आले हे डोळ्यांना दिसते. कोण आले नाही हे हजेरीपटावाचून कळत नाही. रत्नागिरीच्या वाड्यांतून आज अनेक माणसे अशी आहेत की, ज्यांना चांगले दिसते आणि ज्यांची दृष्टी पुढील काही वर्षांत जाणार आहे. त्यांची नावे कोठेतरी लिहिलेली असावीत, आणि ती वाचून दाखवून हाक मारण्याचे काम कोणाकडे तरी नेमून दिलेले असावे. पुढच्या नोव्हेंबरमध्ये शिबिरांचे आकडे प्रसिद्ध होतील तेव्हा वाचकांनी या एका रकान्याची चौकशी करावी.